तालमीतलं शरीर आणि बीपीचा आकडा

हेडफोन लावून कुठेतरी चालत असाल तर चालतच राहा. बसून ऐकत असाल तरी हरकत नाही, पण भाग संपेपर्यंत तुम्हाला उठावंसं वाटलं तर मला आनंद होईल.

मी बोलतोय सांगलीच्या विश्रामबागेतून. सांगली आणि मिरज या दोन जुन्या गावांच्या मधोमध हा भाग. इथे १९१९ साली विलिंग्डन कॉलेज सुरू झालं, १९४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज आलं, ज्याला आज आपण वालचंद म्हणतो, आणि हळूहळू आजूबाजूला कॉलन्या उठल्या. नावातच विश्राम आहे. आणि आजचा विषय आहे व्यायाम. म्हणजे अगदी नेमकं सांगायचं तर, वाढलेला रक्तदाब व्यायामाने खाली आणता येतो ही गोष्ट माणसाला कळली कशी, आणि कळायला इतका वेळ का लागला?

हा विषय मला का सुचला ते आधी सांगतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होते. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका काढायच्या, लाल माती अंगाला लावायची, आणि वर दूध-तुपाचा खुराक. जत्रेच्या मैदानात त्यांनी नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात करून बऱ्यापैकी इनामाच्या कुस्त्या मारल्या. मग नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही विश्रामबागेत राहायला आलो. तालीम सुटली. खुराक तेवढा राहिला.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचं बीपी १६० वर १०० निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला सांगितलं. अण्णांचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ आहे. "तालमीतलं शरीर आहे हे. मला काय धाड भरलीय?" गोळी कधी घेतली, कधी नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. आज काठी घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत जातात, पण कप अजून डाव्याच हाताने धरतात.

मागच्या वर्षी कॉलनीतल्या तपासणी शिबिरात मी सहज हात पुढे केला. १४८ वर ९६. मी चौतीस वर्षांचा. तालमीचं तोंडही न पाहिलेला, लॅपटॉपसमोर दहा तास बसणारा माणूस. माझं समजू शकतो. पण इतका घाम गाळलेल्या अण्णांचं काय चुकलं? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट औंधच्या राजवाड्यापर्यंत पोहोचलो. चला तर मग.

सुरुवात आकड्यापासून करू. रक्तदाब हा आजार शेकडो वर्षं होता, पण तो आकडा नव्हता. १७३३ साली इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने आपला प्रयोग छापला. त्याने घोडीच्या धमनीत नळी खुपसून काचेच्या नळीत रक्त किती उंच चढतं ते पाहिलं होतं. आता हे माणसावर कोण करून घेणार? १८९६ मध्ये इटलीच्या शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरने दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा काढला. १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची युक्ती शोधली. आवाज सुरू झाला तो वरचा आकडा, बंद पडला तो खालचा. डॉक्टर आजही हाताने बीपी बघतात तेव्हा हेच करतात.

हे लक्षात ठेवा, कारण १९०५ च्या आधी, आणि खेड्यापाड्यांत त्याच्या नंतरही कित्येक वर्षं, व्यायामाने बीपी कमी होतं की नाही हे कुणाला कळणंच शक्य नव्हतं. आपल्याकडे व्यायाम होता, भरपूर होता. पण तो वेगळ्या कारणांसाठी होता.

सातारा-सांगली म्हणजे तालमींचा मुलूख. बहे आणि बत्तीस शिराळ्याचे समर्थांचे मारुती आपल्या जिल्ह्यातले. तालीम म्हटली की कोपऱ्यात मारुती हवाच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. या सगळ्या परंपरेत व्यायाम म्हणजे ताकद, म्हणजे समोरच्याला चितपट करणं. आणि एक गोष्ट त्यात गृहीत असते. कुस्ती हे तरुणपणाचं काम. वय झालं की पैलवान लंगोट खुंटीला टांगतो. अण्णांनी तेच केलं.

याच मुलखात एका माणसाने व्यायामाचा विचार जरा वेगळ्या बाजूने केला. तो माणूस राजा होता.

औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, पण संस्थान तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं होतं. आपल्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी औंधची होती, कुंडल औंधचं होतं, आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली तो माळही याच राजाने दिलेला. हे बाळासाहेब चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि तरुणपणी त्यांना वेड होतं सँडोचं.

सँडो कोण? युजेन सँडो. आजच्या भाषेत त्या काळचा सगळ्यात मोठा फिटनेस इन्फ्लुएन्सर. पिळदार शरीराचे फोटो, पुस्तकं, पोस्टाने येणारी डंबेल्स. बाळासाहेबांनी त्याची साधनं मागवली आणि १८९७ पासून जवळजवळ दहा वर्षं इमानेइतबारे तो व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमाराला त्यांनी तो सोडून सूर्यनमस्कार धरले. हा सल्ला त्यांना कुणी दिला माहितीये? आपल्या शेजारच्या मिरजेच्या राजाने! गंगाधरराव पटवर्धन, म्हणजे तेही बाळासाहेबच. एका बाळासाहेबांनी दुसऱ्या बाळासाहेबांना सांगितलं आणि पुढचा इतिहास घडला.

औंधच्या राजांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही. १९२८ मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढे लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्याचं संपादन केलं आणि १९३८ मध्ये ते 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने लंडनमध्ये छापलं गेलं. आज जगभर योगाच्या वर्गात जे 'सन सॅल्यूटेशन' चालतं, त्यात औंधचा मोठा वाटा आहे.

पण मला या राजाचं कौतुक वाटतं ते आणखी एका कारणाने. तालमीतला व्यायाम थोड्यांसाठी होता. तरुण, पुरुष, आणि खुराक परवडणारा. राजाने सांगितलेला व्यायाम पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, बायकांसकट सगळ्यांसाठी होता. साधन नको, आखाडा नको, जोडीदार नको. आणि तो रोज करायचा होता, आयुष्यभर. त्यात जिंकणं-हरणं नव्हतं, म्हणून निवृत्तीही नव्हती. खुद्द राजा म्हातारपणीही रोज नमस्कार घालत असे. १९५१ मध्ये, वयाच्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

आता लगेच असं समजू नका की राजाला बीपीचं औषध सापडलं होतं. तसं म्हणायला त्यांच्याकडे पुरावा नव्हता, आणि त्यांच्या मनातलं कारणही ते नव्हतं. पण 'रोज' आणि 'कायम' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

याच काळात डॉक्टर लोक काय सांगत होते? विश्रांती! आमच्या विश्रामबागेला लागूनच वानलेसवाडी आहे. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी सर्जनने १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला, आणि वानलेसवाडीला पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्महिने पडून राहणं, हाच उपचार जगभर चालायचा. विश्रांतीवरचा हा विश्वास फक्त क्षयापुरता नव्हता. हृदयाचा झटका आलेल्यालाही सहा-सहा आठवडे अंथरुणातून हलू द्यायचे नाहीत. आणि बीपीचं तर विचारूच नका. बऱ्याच नामांकित डॉक्टरांचं मत असं होतं की वय वाढलं, धमन्या ताठरल्या की रक्त पुढे ढकलायला दाब वाढावाच लागतो. तो शरीराला हवाय म्हणून वाढलाय, त्याला हात लावू नका.

याची सगळ्यात मोठी किंमत कुणी मोजली? अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. दुसरं महायुद्ध चालवणारा माणूस, जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला. त्यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत गेलं. सल्ला काय, तर आराम करा, सिगारेट कमी करा, मीठ कमी खा. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० मोजला गेला. वय ६३. तेव्हा परिणामकारक गोळीच नव्हती. गोळ्यांनी जीव वाचतात हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीने १९६७ मध्ये पक्कं केलं. रूझवेल्टना जी गोळी मिळू शकली नाही, ती अण्णांच्या उशाशी डबीत पडून असायची. असो.

विश्रांतीच्या या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो लंडनच्या बसने. हो, बसने. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी दुमजली बसवर काम करणाऱ्या हजारो माणसांचा हिशोब मांडला. ड्रायव्हर आणि कंडक्टर. एकाच संस्थेत नोकरी, एकसारख्या वस्त्यांत राहणं, पगारातही फार फरक नाही. फरक एकच. ड्रायव्हर पाळीभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिने चढतोय-उतरतोय, दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा.

लोकांनी लगेच शंका काढली. कशावरून जाडे लोकच ड्रायव्हर होत नसतील? मॉरिसनी काय करावं? त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली! आणि खरंच, ड्रायव्हरांच्या कंबरा सुरुवातीपासूनच मोठ्या निघाल्या. १९५६ मध्ये त्यांनी तेही प्रामाणिकपणे छापलं. म्हणजे बसवाल्या अभ्यासाने प्रश्न पूर्ण सुटला नाही. शिवाय तो हृदयविकाराबद्दल होता, थेट बीपीबद्दल नाही. पण दिवसभर हलणारं शरीर आणि दिवसभर बसलेलं शरीर यांची तुलना करायची असते, हे त्याने जगाला शिकवलं. यानंतर कधी एसटीत बसलात तर ड्रायव्हर आणि कंडक्टरकडे एकदा बघा. मी हल्ली बघतो.

आता परत महाराष्ट्रात येऊ. कारण बीपीच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान मुंबईत लिहिलं गेलंय, आणि त्याची सुरुवात लोणावळ्याला झाली.

स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्यांचा हट्ट असा की आसनाने फायदा होतो म्हणता ना, मग मोजून दाखवा. त्यांनी एक्स-रे काढले, आणि १९२६ मध्ये आसनं करतानाच्या रक्तदाबाची मोजमापंही छापली. विचार करा, कोरोत्कोव्हची युक्ती येऊन फक्त एकवीस वर्षं झालेली, आणि आपल्याकडे माणसाला सर्वांगासनात ठेवून बीपी मोजतायत!

पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी हा धागा उचलला. त्यांच्या गटात कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. उच्च रक्तदाबाचे ४७ रुग्ण घेतले आणि त्यांना काय शिकवलं? शवासन. उताणं पडायचं, अर्धा तास, रोज. पोटाने संथ श्वास घ्यायचा, श्वास सोडल्यावर जरा जास्त थांबायचं, आणि लक्ष ठेवायचं नाकपुडीतून आत जाणाऱ्या गार हवेवर आणि बाहेर येणाऱ्या कोमट हवेवर. नीट जमायला साधारण तीन आठवडे लागायचे.

१९६९ मध्ये 'अँजिऑलॉजी' या परदेशी नियतकालिकात निकाल छापून आले. ज्या रुग्णांना गोळ्या दिल्याच नव्हत्या, त्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. घाबरू नका, हा आपल्या सवयीचा वरचा आकडा नाही. वरचा आणि खालचा मिळून एक सरासरी काढतात, ती ही. ज्यांचं बीपी गोळ्यांनी आटोक्यात होतं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना गोळ्या साधारण एक तृतीयांशावर आणता आल्या. पण सगळ्यांना गुण आला नाही. गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी आटोक्यात येत नव्हतं, त्यांतल्या बहुतेकांना शवासनानेही फरक पडला नाही. आणि आजच्या नियमाने बघितलं तर हा अभ्यास लहान होता, तुलनेला वेगळा गट नव्हता. पण त्याने दार उघडलं. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी असाच प्रयोग केला, तोही 'लॅन्सेट'मध्ये आला. नंतर त्यांनी तुलनेचा गट घेऊन, चिठ्ठ्या टाकून माणसं वाटून पुन्हा तपासलं, तेव्हाही बीपी उतरलेलं दिसलं.

दरम्यान १९७० मध्ये अमेरिकेत बॉयर आणि कॅश या दोघांनी सरळ चालण्या-पळण्याचा प्रयोग केला होता. बीपी असलेले २३ पुरुष, सहा महिने. वरचा आकडा सरासरी तेराने आणि खालचा जवळपास बाराने उतरला. रूझवेल्टना आराम करा सांगितल्याला अवघी पंचवीस वर्षं झाली होती.

म्हणजे गंमत बघा. एकीकडे अर्धा तास पडून राहून बीपी उतरतंय, दुसरीकडे अर्धा तास पळून उतरतंय. विश्राम बरोबर की व्यायाम? दोन्हींत समान काय आहे? दोन्ही रोज करायचे आहेत, ठरवून करायचे आहेत, आणि दोन्हींत शेवटी शरीर सैल पडतं. महिनोन्महिने अंथरुणात पडणं वेगळं आणि रोज अर्धा तास मन लावून पडणं वेगळं.

आता आजचं शास्त्र काय म्हणतं ते सोप्या भाषेत. तुम्ही झपझप चालता तेव्हा बीपी आधी वाढतं. वाढणारच, स्नायूंना रक्त हवं असतं. पण थांबल्यावर ते मूळ जागेच्याही खाली येतं. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने त्या सैलावतात. शरीराला सतत 'सावध' ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा जोरही कमी होतो. हा उतार काही तास टिकतो, बीपी असलेल्यांत कधी कधी जवळजवळ दिवसभर. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं आठवडेच्या आठवडे केलं की मूळ पातळीच खाली सरकते.

किती सरकते? २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र करून एक मोठा हिशोब छापला गेला. चालणं, पळणं, सायकल यांनी वरचा आकडा सरासरी साडेचारने उतरतो. वजनं उचलण्यानेही जवळपास तेवढाच. आणि सगळ्यात जास्त, सरासरी आठने, कशाने? जागच्या जागी स्नायू ताणून धरण्याने. म्हणजे भिंतीला पाठ टेकायची, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि तसंच धरून ठेवायचं. दोन मिनिटं धरा, दोन मिनिटं सोडा, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. शाळेत मास्तर खुर्ची करायला लावायचे ना, तेच! तेव्हा शिक्षा होती. बीपी आधीच जास्त असलेल्यांना या सरासरीपेक्षा थोडा जास्त फायदा होतो. चार-आठ आकडे कमी वाटतील, पण अनेकांसाठी तो एका गोळीच्या जवळपास जाणारा परिणाम आहे.

जिमवाल्या मित्रांसाठी एक सूचना. १९८५ मध्ये कॅनडात काही बॉडीबिल्डर्सच्या धमनीत थेट सुई घालून जड वजन मारतानाचा दाब मोजला. सरासरी ३२० वर २५० पर्यंत गेला, एकाचा तर ४८० च्या वर. क्षणभरच, पण गेला. कारण जड वजनाखाली आपण श्वास कोंडतो. तेव्हा बीपी असेल तर वजन हलकं ठेवा, मोजत-मोजत श्वास सोडा. भिंतीची खुर्ची करतानाही तेच, श्वास चालू. आणि आकडा १८० वर ११० च्या पुढे असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. तालमीतल्या शरीराला बीपी का? याचं उत्तर मला या सगळ्या इतिहासात एकाच जागी सापडलं. व्यायामाचा हा परिणाम साठत नाही. मुदत ठेवीसारखा तो बँकेत राहत नाही की तरुणपणी टाकला आणि म्हातारपणी व्याजासकट काढला. व्यायाम थांबवला की काही आठवड्यांतच आकडा परत वर सरकायला लागतो. अण्णांचे अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचे जोर-बैठका खोटे नव्हते. ते तेव्हा कामाला आले. पण सेहेचाळिसाव्या वर्षीच्या धमन्यांना सेहेचाळिसाव्या वर्षीचं चालणं हवं होतं, आणि गोळीही हवी होती. लंगोट खुंटीला टांगला तेव्हा त्याच्या जागी दुसरं काहीतरी रोजचं यायला हवं होतं. औंधच्या राजाचं 'रोज' आणि 'कायम' इथे कामाला आलं असतं.

हे मी अण्णांना सांगितलं. वाटलं चिडतील. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या वस्तादानं कुस्ती कशी मारायची ते शिकवलं. कुस्ती सुटल्यावर काय करायचं, ते कुणी शिकवलंच नाही बघ." मला वाटतं, हे फक्त त्यांचं नाही. कॉलेजात कबड्डी खेळलेले, पोलीस भरतीसाठी सहा महिने पळलेले, लग्नाआधी तीन महिने जिम लावलेले, आपण सगळेच त्यात आलो.

आणि हा प्रश्न लहान नाही. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब निघाला. दर तिघांत एकापेक्षा जास्त. त्यातल्या कित्येकांना पत्ताच नसतो, कारण दुखत काहीच नाही. २०१७ मध्ये सरकारने बीपी नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून मिळतं, गोळ्याही मिळतात. तेवढं करा. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला हवा. एका आकड्यावर घाबरू नका, वेगवेगळ्या दिवशी मोजा. १४० वर ९० किंवा जास्त पुन्हा पुन्हा आलं तर डॉक्टरांकडे जा. गोळी चालू असेल तर हा भाग ऐकून बंद करू नका, हात जोडून सांगतो. दातेंच्या रुग्णांच्याही गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्या होत्या.

माझं काय चाललंय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मी सकाळी घरातून निघतो, विलिंग्डनच्या बाजूने चालत जातो आणि परत येतो. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आल्यावर भिंतीची खुर्ची. आणि रात्री दहा मिनिटं शवासन, ज्यात मी बहुतेकदा झोपतो, दाते सरांनी माफ करावं. माझं डॉक्टरांशी ठरलंय की सहा महिने बघायचं, नाही उतरलं तर गोळी सुरू. चार महिने झालेत. परवाचा आकडा १३६ वर ८८. मध्ये एकदा लग्नसराईत तीन आठवडे बुडवले तर परत १४४ झाला होता. तेव्हा जे वर सांगितलं ते पुस्तकातलं नाही, दंडावर बघितलेलं आहे.

परतीच्या वाटेवर गल्लीच्या टोकाला अण्णा काठी टेकून उभे असतात. तिथून घरापर्यंतचं अंतर आम्ही दोघं मिळून चालतो. त्यांच्या वेगाने. पूर्वी ते दोन वेळा मध्ये थांबायचे, आता एकदाच थांबतात.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. घरी कुणी तालमीतलं शरीर असेल तर हा भाग त्यांना ऐकवा, आणि त्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलं तेवढं विचारा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत चालत राहा!